तुम्ही विचारलंत म्हणून: केबलची जाहिरात घरघरायची का

लोकल केबलच्या जाहिराती बनवण्यात आयुष्य गेलं असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "तुमच्या जाहिराती लागल्या की टीव्ही घरघरायचा का हो? आणि अक्षरं अशी फरफटलेली का?" विचारणाऱ्याने उत्तरही ठरवलेलं असतं: यांना काम येत नव्हतं.

फरफटीचं पटकन सांगतो. व्हीएचएस टेपवर रंगाचा तपशील ठेवायला जेमतेम अर्ध्या मेगाहर्ट्झची जागा मिळते, म्हणून निळ्यावरची लाल अक्षरं कडेला सांडतात. त्यात कॉपीवर कॉपी: शूटिंगची टेप पहिली पिढी, एडिट मास्टर दुसरी, टायटल चढवलं की तिसरी, प्लेआउटची, म्हणजे केबलवर लावायची, कॉपी चौथी. एस-व्हीएचएस या सुधारित टेपने तपशील साधारण २४० ओळींवरून ४०० वर नेला, पण उजळपणातला. रंग होता तिथेच.

घरघर मात्र वेगळी. सगळे आधी साउंडवाल्याला धरतात. तो डबिंग पुन्हा करतो, वायर बदलतो, अर्थिंग तपासतो, आणि घरघर जागच्या जागी. कारण ती आवाजात नसतेच, चित्रातून येते. पाल (PAL) या आपल्याकडच्या ॲनालॉग टीव्ही पद्धतीच्या प्रसारणात व्हिडिओचं मॉड्युलेशन, म्हणजे चित्र लहरीवर चढवणं, उलटं असतं: चित्र जितकं पांढरं, तितका कॅरिअर, म्हणजे ते वाहून नेणारी लहर, कमी. अगदी शुद्ध पांढऱ्यालाही साधारण १० टक्के कॅरिअर शिल्लक ठेवावा लागतो. टीव्हीचा संच आवाज काढतो तो चित्राचा आणि आवाजाचा कॅरिअर यांतल्या ५.५ मेगाहर्ट्झच्या फरकातून. पांढरं मर्यादेबाहेर गेलं की चित्राचा कॅरिअर क्षणभर नाहीसाच होतो, फरक काढायला दुसरं टोक उरत नाही, आणि सेकंदाला ५० फील्डच्या (अर्ध्या चित्रांच्या) तालात घर्रर्र सुरू. फोन नंबरची पट्टी आली की सुरू, गेली की बंद. एवढं बघितलं तरी निदान होतं, पण बघतो कोण?

पांढऱ्याहून पिवळं वाईट. ब्लँकिंगपासून, म्हणजे सिग्नलच्या शून्य पातळीपासून, पांढऱ्याची मर्यादा ०.७ व्होल्ट. पूर्ण भडक पिवळ्यात ल्युमा (उजळपणा) ०.६२ आणि त्यावर क्रोमाची (रंगाची) ०.३१ ची लाट, म्हणजे शिखर ०.९३ वर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हाच रंग निर्दोष दिसतो, तिथे फसगत. सिग्नलची पातळी दाखवणारा वेव्हफॉर्म मॉनिटर लावून पिवळा ७५ टक्क्यांच्या पातळीला आणायचा, अक्षरांचं पांढरं ८५ च्या आसपास. मग जाहिरातदार म्हणतो, रंग मळला. त्याचंही चूक नाही, शेजारच्या जाहिरातीपुढे तो मळकाच दिसतो.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो की दोष हेडएंडवाल्याचा, म्हणजे जिथून केबलवर सिग्नल सोडतात तिथल्या माणसाचा. चित्र झगझगीत दिसावं म्हणून तो मॉड्युलेटरची डेप्थ, म्हणजे चित्र कॅरिअरवर किती जोरात चढवायचं ते, वाढवतो. वाढवतोच. पण मर्यादेत बांधलेली टेप त्यातूनही बऱ्याचदा तगते, आणि बेताल टेप नीट लावलेल्या मॉड्युलेटरलाही घरघरायला लावते. आजही हा हिशेब कधी त्याच्या नावावर टाकतो, कधी आमच्या.

डिजिटल आलं आणि ही घरघर गेली. "मग जाहिरातीचा आवाज मोठा का?" हे बाकी मुद्दाम. पीक मीटर फक्त शिखरं दाखवायचा. कॉम्प्रेसरने शिखरं दाबून सरासरी उचलली, की मीटर खूश आणि तुमचा हात रिमोटकडे. २०१० मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आर १२८ हा आवाजाच्या पातळीचा नियम आणला: सरासरी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक). त्यातही वाट निघते. एक वाक्य मोठं हवं असेल तर बाकीचं हळू ठेवायचं. फक्त कोरी शांतता चालत नाही, मोजणी ती वगळते. सरासरीच्या खाली १० एलयूच्या (त्याच मोजणीतल्या पायऱ्यांच्या) आत राहील असं काहीतरी वाजत ठेवावं लागतं.