शाहूपुरी: गुळाच्या पेठेत गूळ शोधताना

कोल्हापूरला आलं की पावलं आधी अंबाबाईच्या देवळाकडं वळतात. या खेपेला देवी संध्याकाळी ठेवली आणि स्टेशनातून चालतच शाहूपुरीत शिरलो.

पेठ स्टेशनाला इतकी खेटून आहे त्याला कारण आहे. मिरजेहून रेल्वे आली १८९१ ला, शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला १८९४ ला आणि लगेच १८९५ ला ही गुळाची बाजारपेठ वसवली. गुऱ्हाळातला गूळ बैलगाडीनं इथं यायचा, इथून रेल्वेनं बाहेर. जुन्या गावातल्या बोळांची सवय असलेल्या माणसाला इथल्या सरळसोट गल्ल्या आणि त्यांचे नंबर जरा परकेच वाटतात. दुसरी गल्ली, तिसरी गल्ली... मी तरीही दोनदा चुकलो, हे सोडा.

टोलेजंग इमारतींच्या मधे अजून एखादं जुनं घर अंग चोरून उभं दिसतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, लाकडी कठडा, कौलं. अशाच एका घराचा फोटो काढत होतो, तर पायरीवरच्या आजोबांनी हटकलं, "काय पाडायला आलाय काय?" बघायला आलोय म्हटल्यावर सरकून जागा दिली. गुळाचा घाऊक सौदा कधीच मार्केट यार्डात गेला. "पण लहानपणी हितं माश्यांचं राज्य हुतं बघा. रस्ता सुदिक चिकट!"

त्यांनीच कुंभार गल्लीत पाठवलं. गणपतीला दोन महिने होते. दारात, जिन्यात, खाटेखाली, जागा मिळेल तिथं बिनरंगाच्या मूर्ती. एका भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर मळकट रेघ होती. २०१९ च्या महापुराची. "दोन वर्सांनी परत आलंच की पाणी," म्हणत मावशी सोंडेवरून ओला हात फिरवत राहिल्या. इतकं पाणी बघूनही मूर्ती खालच्याच खोलीत कशा, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. वरच्या खोलीत पोरं अभ्यास करत होती.

परतताना एका किराणा दुकानात गूळ मागितला. २०१४ ला भौगोलिक मानांकन मिळालेला आपला कोल्हापुरी गूळ! दुकानदारानं रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, अर्धा किलोचा तुकडा फोडून कागदात दिला आणि वर विचारलं, "पावडर न्हाई चालणार?"