बंबाला हात फुटतात तेव्हा

अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब जरा निरखून पाहिला तर तो अर्धा रोबो असतोच. गोल पोट, खाली तीन पाय, दोन्ही अंगांना कड्या. म्हणजे खांदे कुठे येणार हे तांबटाने आधीच ठरवून दिलेलं. तोटीबद्दल न बोललेलं बरं. गीझर आला आणि बंब न्हाणीघरातून हद्दपार झाला, पण नाशिकच्या भांडी बाजारात एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात तो अजून भेटतो. रोबो काढायची खोड असलेल्याने वही घेऊन आधी तिथे जावं. मोबाइलवरचे पांढरेशुभ्र, निळ्या डोळ्यांचे, नुकतंच फेशियल करून आल्यासारखे रोबो बघून काढलेला रोबो त्यांच्यासारखाच दिसतो, आणि ते सगळे मुळात एकमेकांसारखेच दिसतात.

बंबावर पहिल्यांदा हात बसतो तो लंबवर्तुळांवर. रोबो म्हणजे शेवटी नळकांड्यांचाच पसारा. नवशिक्याच्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना कोपरे येतात; खऱ्या लंबवर्तुळाला कोपरा कुठेच नसतो. उभ्याने पाहिलं तर बंबाची वरची कड चपटी दिसते आणि बुडाची जास्त गोल, कारण बूड नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतं. नळा आडवा-तिरपा झाला की एकच गोष्ट सांभाळायची: लंबवर्तुळाचा आखूड व्यास नळ्याच्या आसाच्या, म्हणजे त्याच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या रेषेच्या, रेषेत हवा. हे जमलं की चाक, बेअरिंग, मान, मनगट सगळं जागेवर बसतं. चुकलं की खांदा निखळल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकत राहतं.

त्याआधी अर्थात छायाकृती. जाड ब्रशपेनने तीन-तीन सेंटिमीटरचे वीसेक काळे ठिपके-पुतळे काढायचे, आत एकही रेघ नको. त्यातले सतरा फेकायचे. काळ्या आकारात जो ओळखू येत नाही, त्याला नंतर कितीही स्क्रू लावा, तो तसाच राहतो.

खरी गंमत आणि खरी पंचाईत सांध्यांत आहे. नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांतल्या एखाद्या फिटरला रोबोचं चित्र दाखवून पाहा. तो चेहऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाही, विचारेल, “हा हात वळणार कुठून?” कोपराचंच घ्या. सारख्या जाडीचे दोन नळे टोकाला टोक लावून ठेवले, मधोमध पिन मारली आणि झाला कोपर, असं वाटतं. तो एक अंशही वळत नाही. आतल्या बाजूच्या कडा लगेच एकमेकींवर आपटतात. उपाय दोन. पिनेपासून आतल्या बाजूला दोन्ही नळ्यांची टोकं ४५-४५ अंशांत तिरपी छाटली की हात काटकोनात वळतो. किंवा पिनच आतल्या कडेला न्यायची, दाराच्या बिजागरीसारखी. मग हात पूर्ण मिटतो, पण बाहेरच्या बाजूला भगदाड पडतं आणि ते झाकायला वर वाटी बसवावी लागते. गुडघ्याची वाटी माणसाला का आहे याचा विचार रोबो काढताना आपोआप होतो.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्यावा, दंड आणि हात वेगळे कापावेत, टाचणीने जोडावेत आणि शून्य, ४५, ९० अंशांवर फिरवून कागदावर गिरवावेत. जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात, तिथे पत्रा छाटायचा. मांडी आणि कंबर यांचं भांडण या रीतीने पाच मिनिटांत मिटतं. नाहीतर चित्रातला रोबो दिमाखात उभा असतो, पण त्याला खुर्चीत बसता येणार नाही हे स्पष्ट दिसत असतं.

पिस्टनचीही अशीच फसगत. त्याचं एक टोक दंडावर आणि दुसरं हातावर, म्हणजे सांध्याच्या पलीकडे हवं. दोन्ही टोकं दंडावरच ठोकलेले पिस्टन चित्रांत जागोजागी दिसतात. ते दागिने आहेत, यंत्र नव्हे. शिवाय दांडा नळीत शिरतो, नळी आक्रसत नाही. त्यामुळे साधा पिस्टन मिटल्यावर जेवढा, त्याच्या दुपटीपर्यंत कधीच लांबत नाही. वायर काढताना कोपराशी सैल वळसा ठेवायचा. ताठ ओढलेली वायर हात हलताच तुटणार. कारखान्यातले सहा आसांचे यंत्रहात पाहा: तीन आस हव्या त्या जागी पोचायला, तीन हव्या त्या कोनात वळायला, आणि अंगावरून वायरींची जुडी ऐसपैस वळसा घेत गेलेली. त्यांना चेहरा नसतो, तरी ते कामात आहेत हे दिसतं.

रोबो हा शब्दच मुळी एका चित्रकाराने दिला. कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकासाठी तो सुचवला त्यांच्या भावाने, योसेफने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. त्या नाटकातले रोबो पत्र्याचे नव्हतेच, ते कृत्रिम मांसाचे होते. नटबोल्ट मागाहून आले. चित्रकारांचं भलं झालं.

आता धातू. राखाडी रंग हळूहळू गडद करत नेला की ते प्लास्टिक होतं. चकचकीत धातू आजूबाजूचं दाखवतो, म्हणून उजेड आणि काळोखाचे पट्टे एकमेकांना खेटून, धारदार कडांनी काढायचे. नळ्याच्या अगदी काठाला मात्र परावर्तित उजेडाची बारीक रेघ सोडायची. मठारलेल्या तांब्यावर हातोडीच्या प्रत्येक खुणेत एकेक चांदणी पडते. सगळ्या काढायच्या नाहीत, उजेडाच्या बाजूच्याच काढाव्यात. हे ठोके नुसत्या शोभेचे नसतात, ठोकून पत्रा कडक होतो. आणि कृपा करून तांब्यावर नारिंगी गंज चढवू नका. तांबं गंजत नाही, त्याच्यावर हिरवा थर चढतो, तोही पाणी साचतं तिथे: सांध्यात, रिव्हेटच्या भोवती, तोटीखाली. गंजाचे ओघळ लोखंडी बोल्टखालीच.

कागद जाड हवा, किमान २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा). नाशिकच्या पावसाळ्यात तोही दमट होतो, शाई केसासारखी फुटते आणि ०.१च्या पेनाची रेघ ०.३ची होऊन बसते. श्रावणात बाह्यरेषा उरकाव्यात, बारीक स्क्रू दसऱ्यानंतर.

तर तो बंब. पोटात वीस लिटर पाणी, म्हणजे वीस किलो आणि वर तांब्याचं वजन. पाय काडीसारखे चालणार नाहीत. तोल बघायला बेंबीतून ओळंबा सोडायचा. तो पावलांच्या मध्ये पडला पाहिजे, एक पाय उचलला असेल तर टेकलेल्या पावलावर. सगळ्यात अवघड प्रश्न डोक्याचा. बंबाच्या मधल्या नळीतून धूर वर जातो, त्यावर डोकं बसवलं तर विस्तव गुदमरून विझणार. म्हणून चेहरा छातीवर, राखेच्या जाळीच्या जरा वर. जाळीतून लाल उजेड खालून हनुवटीवर येतो. डोळ्यांच्या जागी दोन रिव्हेट पुरतात. आणि पाठीवर दोरीने बांधलेली बंबफोडीची छोटीशी मोळी.