चार इंची पाइप आणि पावसाची वही

वाईहून पसरणीचा घाट चढला की महाबळेश्वर जेमतेम ३२ किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी कोसळतो, आणि घाटाच्या पायथ्याला आम्ही चार थेंबांची वाट बघत बसतो. पेपरात येतो तो आकडा महसूल मंडळाचा, म्हणजे बऱ्याच गावांना मिळून एकच. आमच्या वावरात किती पडला, हे विचारलं तर अप्पा हाताच्या बोटांनी ओल दाखवायचे. म्हणून मी मोजायला घेतलं.

प्लंबिंगच्या कामातून उरलेला ११० एमएमचा पीव्हीसी पाइप होता, आपण ज्याला चार इंची म्हणतो तो. फूटभर तुकडा कापला, तळाला सपाट चकती चिकटवली, तोंडात नरसाळं बसवलं. साठलेलं पाणी मेजपात्रात ओतायचं आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. ११० म्हणजे ९५ चौरस सेंमी, म्हणून ९५ मिली म्हणजे १० मिमी. वही सुरू.

पहिली चूक जागेची. गच्चीवर टाकीच्या आडोशाला ठेवला होता. वाऱ्याचा पाऊस टाकीवरच आपटायचा. मग अंगणापलीकडे मोकळ्यावर नेला. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती घरच्यांच्या गळी उतरवणं फार अवघड गेलं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आकडा त्याच सकाळच्या तारखेला पडतो. आई म्हणायची, "अरे, पडला रविवारी आणि तू लिहितोस सोमवारी?" अप्पांनी तारखेचा नादच सोडला, वहीत नक्षत्राचा रकाना आखायला लावला. मृगात किती, हस्तात किती, एवढंच ते बघतात. खरं सांगायचं तर महिन्यापेक्षा तो हिशेब मलाही आता बरा वाटतो.

आर्द्रात एका सकाळी मी आत मेजपात्र शोधत होतो. तेवढ्यात अप्पांनी नरसाळं काढून माझी स्टीलची पट्टी सरळ पाइपात बुडवली. "साठ," म्हणाले. मी ओतून मोजलं, भागाकार केला: त्रेपन्न पूर्णांक सहा. पुन्हा केला, तेच. उभ्या भिंतींच्या भांड्यात जेवढी उंची तेवढाच पाऊस, त्याला भागाकार लागत नाही. म्हणजे चूक माझी. पाइपावर छापलेलं ११० हे बाहेरचं माप असतं! आतून मोजला तर १०४ भरला, म्हणजे क्षेत्रफळ ८५. तोवरचा सगळा पाऊस मी कमी लिहीत होतो. मागची पानं लाल पेनाने दुरुस्त केली, आणि तेव्हापासून पट्टी आणि मेजपात्र दोन्ही वापरतो.

शेवग्याच्या पानांचा उपद्रव वेगळाच. एवढंसं पान नरसाळ्याच्या नळीत अडकतं आणि रात्रभराचं पाणी काठावरून वाहून जातं. अशा दिवशी वहीत फुली मारतो, अंदाज लिहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात चुलतभावाला असाच पाइप करून दिला. त्याचं रान चार किलोमीटरवर. मे महिन्यात वळीव आला, त्याच्याकडे ४२, माझ्याकडे नुसता तळ ओला. अप्पा हसले, "बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं."

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण जरा गंभीर झालं. सोयाबीन पाण्यात होतं. एका दिवसात ६५ मिमीच्या वर गेला तर सरकारी हिशेबात अतिवृष्टी धरतात. मंडळाच्या केंद्रावर ५८ होता, माझ्या वहीत ७१. शेजारचे तात्या म्हणाले, "वही घेऊन तहसीलला चल."

वहीला तिथे कोण विचारणार, हे मला माहीत होतं. आणि त्या पाइपाने मला महिनाभर कसं फसवलं, हेही. तात्यांना तसं सांगितलं. त्यांनी वही ओढून घेतली, पानाचा फोटो काढला आणि म्हणाले, "पट्टीने पण मोजलंस ना?"

मोजलं होतं. ७१च होता.