तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबईचा भाव आणि म्हापशाचा भाव

"मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हीच हार्डडिस्क पाच हजारांना आहे, तुम्ही साडेसहा कसे सांगता?" म्हापशातल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर बहुधा कुणीतरी पाठवलेली डीलरची रेटलिस्ट असते. मला त्याचा राग येत नाही. कष्टाचे पैसे मोजणाऱ्याला हिशेब कळलाच पाहिजे.

त्या पाच हजारांपुढे बारीक अक्षरांत 'जीएसटी वेगळा' असतं. हार्डडिस्कवर तो 18 टक्के, म्हणजे ती मला 5,900 ला पडते. मी मूळ किमतीवर 500 धरले की झाले 5,500. त्यावर 18 टक्के म्हणजे 990. बिल 6,490 चं. खरेदीत भरलेले 900 मला वळते मिळतात, उरलेले 90 मी सरकारात भरतो. तुम्हाला फरक दिसतो 1,490 चा, माझ्याकडे राहतात 500. त्यातच मुंबईहून रात्रीच्या बसने येणाऱ्या पार्सलचं भाडं, दुकानाचं भाडं आणि कामाला असलेल्या मुलाचा पगार. तुम्ही स्वतः नियमित जीएसटी भरत असाल आणि खरेदी धंद्यासाठी असेल, तर तुमचा जीएसटी नंबर बिलावर घालून घ्या. ते 990 तुम्हालाही वळते मिळू शकतात. कितीतरी व्यापारी हे सांगायला विसरतात आणि पैसे वाया जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शिवाय तो भाव एका नगाचा नसतो. शुक्रवारच्या बाजारात शेकड्याने नारळ उचलणारा आणि चवथीला पाच नारळ नेणारा एकाच भावाने घेत नाहीत, हे आपल्याला सहज पटतं. हार्डडिस्कच्या बाबतीत का पटू नये? घाऊकवाला पेटी देतो आणि मोकळा होतो. पुढचं सगळं पेटी फोडणाऱ्याच्या अंगावर.

प्रोसेसरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपमध्ये, तर वस्तूच वेगळी निघते. इंटेलचा ट्रे प्रोसेसर मशीन जोडणाऱ्यांसाठी असतो. त्याला खोका नाही, पंखा नाही, आणि वॉरंटीसाठी ज्याने विकला त्याच्याकडेच जावं लागतं. खोक्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी कंपनी स्वतः देते. यादीत दोघांचं नाव जवळपास सारखंच दिसतं.

डिचोलीच्या एका मास्तरांनी मुंबईहून स्वतः हार्डडिस्क आणली होती. ऐन पावसाळ्यात ती बंद पडली. विकणाऱ्याने "इकडे घेऊन या" म्हटलं. एका डिस्कसाठी मुंबईला जाऊन यायचं! शेवटी त्यांनी दुसरी विकत घेतली. मी विकलेली बिघडली, तर बदली येईपर्यंत माझ्याकडची एखादी लावून देतो. शाळेचे निकाल थांबत नाहीत.

मात्र आमच्या धंद्यातली एक गोष्ट मला पटत नाही. प्रोसेसरवर मला शंभरामागे तीन-चार रुपये सुटतात, म्हणून कित्येक दुकानं ती कसर केबलवर काढतात. घेतल्या भावाच्या दुप्पट-तिप्पट. गिऱ्हाईक मोठ्या वस्तूवर घासाघीस करतं आणि छोटीचा भावही विचारत नाही. म्हणून नवीन मॉनिटर न्यायला येताना घरची जुनी केबल बरोबर आणा. मी आधी तीच लावून बघतो.