आषाढातलं मीठ

आषाढ, मालवण.

पाऊस उघडायचं नाव घेत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे बाजारात ताजी मासळी नावालाच. आज दुपारी पेजेबरोबर खारा बांगडा भाजला, वर खारातली कैरी, सांडगी मिरची, पापड. ताट बघूनच ह्यांचा चेहरा खुलला आणि मला प्रेशरचं मशीन आठवलं.

ह्यांचं प्रेशर पावसात का वर जातं, याचं उत्तर माझ्या मते त्या ताटात आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारं सगळं आलं. आमच्याकडे तेवढं एका जेवणातच संपत असणार. जादा मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, रक्ताचं आकारमान वाढतं, वर्षानुवर्षं तो दाब रक्तवाहिन्यांवर आणि हृदयावर पडत राहतो. आणि दुखत काहीच नाही! दुखलं असतं तर आमच्या घरात कधीच मीठ कमी झालं असतं.

सगळं सुकं एका मापाने मोजू नये, हेही खरं. बोंबील, गोलमा बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात. मीठ लावलेला असतो तो खारा बांगडा. तो आता मी सहसा भाजत नाही, आज तेवढा भाजला. भिजत घालते, पाणी दोनदा फेकते आणि सारात वरून मीठ घालत नाही. सासूबाईंचं म्हणणं, "आळणी खातलो कोण?" पण चिंच-तिरफळ नीट पडलं की त्यांनाही कळत नाही. कमी सोडियमचं मीठ आणायचं होतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा प्रेशरच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते बाधू शकतं. डॉक्टरांना विचारेपर्यंत ते दुकानातच राहू दे.

मासेमारी सुरू झाली की तारले आणि ताजे बांगडे. हृदयाला चांगलं म्हणतात ते ओमेगा-३ यांच्यात भरपूर, पण पाहुणे आले की आपण धावतो सुरमईकडे. तिखलं करावं, रव्यात घोळून तेलात तळल्यावर कसला उपयोग? खोबऱ्याचं मात्र मला अजून जमत नाही. खोबरेल तेलात संपृक्त चरबी फार, हे वाचलंय. तेल बदललं, पण वाटप सोडून मालवणी स्वयंपाक कसा करायचा? निम्मं केलंय.

चालणं हा पावसातला दुसरा घोळ. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. भातलावणीला जाणाऱ्या बायकांना हे सांगायला जाऊ नये, त्या हसतील. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या ह्यांना मात्र सांगावं लागतं. सध्या पडवीत येरझाऱ्या चालू आहेत, बडबडत का होईना.

गोळीवरून मात्र मी भांडले. मशीनवर १२८ दिसले की "आता नॉर्मल झालं" म्हणून गोळी बंद! अहो, गोळीमुळेच ते १२८ आहे. उपकेंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचं प्रेशर आणि साखर फुकट तपासतात, तिथे दोघांनी जायचं ठरलंय. कोलेस्टेरॉलही एकदा बघून घ्यायचं. छातीत जडपणा, घाम, जबडा किंवा डावा हात भरून येणं, यावर ओवा-सोडा घेत बसायचं नाही, थेट १०८. बायकांना तर कधी नुसती धाप आणि मळमळ होते. इथून अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायला, बरेच लोक गोव्याला जातात, आणि त्या वाटेवर जाणारा वेळ हृदयाच्या स्नायूंच्या जिवावर उठतो. आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी.

सासूबाईंनाही नेणार आहे उपकेंद्रात. त्यांच्या मशेरीचा विषय मी काढलेला नाही. तंबाखू दातांना लावली तरी नाडी आणि प्रेशर वाढवतेच, पण ते मी सांगितलं तर भांडण. नर्सनेच सांगितलेलं बरं. ती त्यांच्या माहेरच्या गावची, तिचं त्या ऐकतात.