निक्सनचं घर, रेगनचं विमान आणि आईची व्हीलचेअर

ताईच्या घरी पोचलो तेव्हा डायनिंग टेबलवर पहिल्यांदा काय दिसलं तर प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. 10 डिसेंबरच्या आत पहिला हप्ता भरायचा होता आणि दाजी लॅपटॉप उघडून बसले होते. मला म्हणाले, तू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतेस ना, मग हे बघ, शेजारच्या आजींचं घर आणि आपलं घर एकाच नकाशाचं, तेवढ्याच खोल्या, तेवढंच अंगण, पण त्यांचा टॅक्स आपल्या पाचव्या हिश्श्याएवढा. त्यांनी घर घेतलंय 1970 च्या दशकात आणि आम्ही चार वर्षांपूर्वी, बाकी काही फरक नाही.

लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस आहे, तिथं ताई राहते. मिरजेहून आईला घेऊन महिनाभर गेले होते, आईचे दोन्ही गुडघे गेलेत त्यामुळं व्हीलचेअर बरोबर. डिस्नीलँड वगैरे आम्हा दोघींनाही नको होतं, मला बघायची होती ती अमेरिकेच्या दोन माजी राष्ट्राध्यक्षांची म्युझियम, एक निक्सनचं आणि एक रेगनचं, दोन्ही सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल अशी. पण माझ्यासाठी ट्रिप सुरू झाली ती त्या बिलापासूनच.

बिलामागं आहे प्रपोझिशन 13. जून 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी थेट मतदान करून हा नियम राज्याच्या घटनेत घातला, हॉवर्ड जार्विस त्याचा म्होरक्या. तेव्हा महागाईनं घरांच्या किमती भराभर वाढत होत्या आणि त्याबरोबर टॅक्स, पेन्शनवर जगणारी माणसं घर हातचं जाईल म्हणून घाबरली होती आणि ती भीती खरी होती. नियम असा की घर घेतलं तेव्हाच्या किमतीवर 1 टक्का टॅक्स, पुढं ती किंमत कागदावर वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्के वाढवायची, घर विकलं गेलं की नव्या किमतीनं परत सुरुवात. त्यामुळं आजी आपल्या घरात राहिल्या हे फार चांगलं झालं, पण तीच सवलत ऑफिसं, गोदामं, मोठ्या कंपन्यांच्या जागा ह्यांना पण मिळाली आणि प्रॉपर्टी टॅक्सचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याच्या खाली आलं. शाळा त्याच पैशावर चालायच्या, मग त्या राज्य सरकारच्या तोंडाकडं बघायला लागल्या. दोन वर्षांनी रेगन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, टॅक्स कमी करा ही कॅलिफोर्नियातली मागणी अख्ख्या देशाची झाली.

आधी निक्सन. 91 नंबरच्या फ्रीवेनं अर्ध्या तासात योर्बा लिंडा. निक्सनच्या वडिलांनी लिंबाच्या बागेत स्वतः बांधलेलं छोटं लाकडी घर आहे, 1913 मध्ये तो तिथंच जन्मला, आणि घरापासून दोन मिनिटांवर त्याची आणि त्याच्या बायकोची पॅटची कबर. जन्म आणि कबर एवढ्या जवळ बघून आई गप्पच झाली.

मला निक्सन म्हणजे वॉटरगेट, त्याची खुर्ची घालवणारी भानगड, एवढंच मुलं परीक्षेत लिहितात ह्याचं वाईट वाटतं. पर्यावरणाचं काम बघणारी ईपीए 1970 मध्ये त्यानंच स्थापन केली, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी क्लीन एअर अ‍ॅक्टवर सही केली. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा धुरक्यानं डोळे चुरचुरायचे, आज पाऊस पडून गेला की ताईच्या गल्लीतून बर्फाचे डोंगर दिसतात, ह्या कायद्याचा त्यात मोठा वाटा आहे. पण तो मनानं पर्यावरणवाला होता असं नाही, 1972 मध्ये पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा खर्च फार म्हणून त्यानं नाकारला होता, काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, नकार मोडून तो पास केला. त्याच वर्षी टायटल नाइनवर सही झाली, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळाकॉलेजात मुलगी म्हणून भेदभाव करायचा नाही. भाची शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे, तिला हे सांगितलं तर म्हणाली, आधी मुलींची टीम नसायची का मावशी?

ताईला मात्र दुसरीच गोष्ट लागली. डिसेंबर 1971 मध्ये सरकारी पाळणाघरांचं बिल दोन्ही सभागृहांत पास होऊन निक्सनच्या टेबलावर आलं होतं, त्यानं ते परत पाठवलं, मुलं वाढवणं हे कुटुंबाचं काम, सरकारनं त्यात शिरू नये असं कारण देऊन. भाची लहान होती तेव्हा ताईचा जवळजवळ अख्खा पगार डेकेअरला जायचा आणि आई तेव्हा सहा सहा महिने येऊन राहायची. ताई त्या अंगणातल्या बाकावर बराच वेळ बसून राहिली, म्हणाली, माझी चार वर्षं त्या एका सहीत गेली गं.

पुढच्या शनिवारी रेगन. सिमी व्हॅलीला जाणाऱ्या 118 नंबरच्या फ्रीवेलाच त्याचं नाव दिलंय. टेकडीवर त्याची लायब्ररी, म्हणजे तेच म्युझियम, समोर डोंगर, आणि आत काचेच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये खरंखुरं एअर फोर्स वन उभं, 27000 नंबरचं बोइंग 707, निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात राष्ट्राध्यक्षांनी वापरलेलं. आईला विमानात चढायचं नव्हतं, ती खालीच बसून बघत राहिली. बर्लिनच्या भिंतीचा तुकडा पण आहे बाहेर, फोटोसाठी रांग तिथंच.

विमानाखाली उभी असताना मला 1981 चा ऑगस्ट आठवत होता. विमानांची वाहतूक सांभाळणारे कंट्रोलर संपावर गेले, रेगननं 48 तासांची मुदत दिली आणि मग 11,000 हून जास्त लोकांना कामावरून काढलं. सरकारी नोकरांना संप करायला कायद्यानं बंदी होती हे खरं, पण त्यानंतर खासगी मालकांनाही संपकऱ्यांच्या जागी दुसरी माणसं घ्यायला धीर आला आणि अमेरिकेतले मोठे संप कमी कमी होत गेले. ह्याच महिन्यात त्यानं टॅक्सकपातीवर सही केली, सगळ्यात वरचा दर 70 टक्क्यांवरून 50 वर आला, 1986 च्या कायद्यानं पुढं 28 वर. सरकार हे उत्तर नाही, सरकार हीच अडचण आहे असं तो शपथ घेतानाच बोलला होता, आणि आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं कारण टॅक्स घटला तसा लष्कराचा खर्च वाढला. गरिबांच्या योजनांना कात्री लागली, मानसिक आजाराच्या केंद्रांचा केंद्राकडून येणारा पैसा पण घटला. परत येताना डाउनटाउनच्या पुलाखाली बेघरांचे तंबूच तंबू दिसले. मनोरुग्णालयं रिकामी करायचं काम रेगनच्या आधीपासून चालू होतं, त्यामुळं सगळं त्याच्या माथी मारणार नाही, पण पर्यायी सोय करायची वेळ आली तेव्हा हात आखडता घेतला तो त्यानंच.

आणि ह्याच माणसानं 1986 मध्ये कागदपत्रं नसलेल्या लोकांना कायदेशीर करायचा कायदा केला, 27 लाखांच्या आसपास लोकांना त्यातून ग्रीन कार्ड मिळालं. आज त्याच्याच रिपब्लिकन पक्षात हे बोलायची फार कुणाची छाती नाही.

पण महिनाभर आम्ही ज्याच्या जोरावर फिरलो तो तिसराच, थोरला बुश, त्याची लायब्ररी टेक्सासमध्ये, ती बघितलीच नाही. 26 जुलै 1990 ला त्यानं अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षी मार्चमध्ये 60 च्या वर अपंग माणसं व्हीलचेअर, कुबड्या बाजूला ठेवून संसदेच्या पायऱ्या हातावर रांगत चढली होती. धंदेवाले खर्चाची ओरड करत होते, बुशचं म्हणणं असं की ही माणसं कामाला लागली तर कुणावर अवलंबून राहणार नाहीत, म्हणजे मुद्दा कन्झर्व्हेटिव्हच, पण त्यातून फुटपाथला उतार मिळाला. त्याच 1990 च्या नोव्हेंबरात एच-वन-बी ह्या नोकरीसाठीच्या व्हिसाचा कायदा झाला, वर्षाला 65,000 ची मर्यादा घालून. दाजी त्यावरच आले, त्यांच्या ओळखीतली निम्मी मराठी घरं त्यावरच आली. 2025 च्या सप्टेंबरात ट्रम्पनं नवीन अर्जावर 1 लाख डॉलर लावले, हेच दार, हाच पक्ष. आणि बुशनं त्याच 1990 मध्ये, नवे टॅक्स लावणार नाही हा शब्द मोडून, टॅक्स वाढवला म्हणून त्याच्याच लोकांनी त्याच्याकडं पाठ फिरवली, 1992 ची निवडणूक तो हरला. मला हा माणूस आता जास्त जवळचा वाटतो.

सिमी व्हॅलीहून परतताना आर्टेशियाला थांबलो, पायोनियर बुलेव्हार्डवर आपल्या लोकांची दुकानं आहेत. मिरजेत आई मंडईत जाऊन दोन वर्षं झाली होती, पायऱ्या आणि गटारीवरच्या फरशा, खुर्ची जाणार कुठून. इथं तिनं मला मागं राहायला सांगितलं, फुटपाथच्या उतारावरून स्वतः चाकं फिरवत वर गेली, भाजीच्या दुकानात शिरली आणि एकेका भेंडीचं टोक मोडून बघत अर्धा किलो भेंडी निवडून घेतली.