लोटस सेव्हनची प्रतिकृती वाळूजच्या शेडमध्ये बांधायची तर

ब्रिटिश क्लासिकची प्रतिकृती बांधायची हौस असेल तर जॅग्वारच्या नादी लागू नका. त्या गोलाईला साचे लागतात आणि बजेट साच्यातच संपतं. लोटस सेव्हन (१९५७) परवडते, कारण तिला बॉडी अशी फारशी नाहीच. चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा, फायबरचं नाक आणि मडगार्ड, एवढंच. कॉलिन चॅपमनने ती किट म्हणूनही विकली, कारण सुट्या भागांवर तेव्हा ब्रिटनमध्ये परचेस टॅक्स लागत नसे.

ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, हे आधीच धरून चला. ब्रिटनमध्ये एकेका गाडीची आयव्हीए तपासणी होऊन पासिंग मिळतं. आपल्याकडे घरी बांधलेल्या गाडीला तशी सोय नाही, आणि डोनर गाडीचा (जिचे भाग काढून वापरायचे तिचा) नंबर हिला लावला तर गाडीत मूळ नोंदीबाहेरचे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. शेतातला रस्ता किंवा खासगी ट्रॅक, बस. ‘पासिंगचं मी बघतो’ म्हणणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार.

डोनर म्हणून ठोकलेली मारुती ईको व्हॅन घ्या. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि सलग मागचा ॲक्सल, म्हणजे सेव्हनला हवी तीच मांडणी. ओम्नीचीही तीच, पण ७९६ सीसीत मजा येत नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, किल्ली आणि इमोबिलायझर एकाच गाडीचे घ्या. वेगवेगळे जमवले तर इंजिन चालूच होणार नाही. व्हॅनमध्ये गिअरची दांडी इंजिनाच्या पुढे असते, इथे ती गिअरबॉक्सजवळ येते, म्हणून लिंकेज नव्याने करावं लागतं. शाफ्ट आखूड करून घेतलात की बॅलन्सिंग करूनच आणा.

चॅसिसला २५ × २५ × १.६ मिमीचा काळा स्क्वेअर पाइप. सहा मीटरच्या दहा लांब्या कटिंगच्या वेस्टेजसकट पुरतात. जीआय पाइप नको. जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो आणि वेल्डमध्ये छिद्रं राहतात. आठ बाय चारच्या १८ मिमी प्लायवर तळाची फ्रेम पूर्ण मापात आखा आणि पाइप लाकडी ठोकळ्यांनी जागेवर अडकवा.

वाळूजला वेल्डरची वानवा नाही, पण गेट-ग्रिलवाल्याचा हात इथे चालत नाही. त्याचा ३.१५ चा रॉड १.६ च्या पाइपला भोक पाडतो. फट दिसली की तो वेल्डनेच भरतो, आणि शेवटी ग्राइंडर मारून सांधा गुळगुळीत करतो. गेटला ते शोभतं. इथे मात्र सांध्याची ताकदच घासून जाते. मिग (रॉडऐवजी सलग वायरचं वेल्डिंग) लावा, ०.८ मिमी वायर, आणि पाइप असा कापा की फट एक मिमीच्या वर नसावी.

सगळा सांगाडा आधी फक्त टाक्यांवर, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डवर, उभा करा. कर्ण मोजा, दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टाके तोडून सरळ करा. मग पूर्ण वेल्ड, पण एका बाजूने सलग नाही. पुढचा डावा कोपरा झाला की मागचा उजवा. वेल्ड थंड होताना आखडतो आणि पाइप आपल्याकडे ओढतो, म्हणून ओढ दोन्हीकडे सारखी पडली पाहिजे. सस्पेन्शनचे ब्रॅकेट सर्वांत शेवटी, फ्रेम पुन्हा मोजल्यावर. आधी लावले तर डाव्या-उजव्या चाकाचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) वेगळा येतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ते पुढे अलाइनमेंटवाल्यालाही निघत नाही.

पुढे ईकोचा स्ट्रट जातो आणि दोन विशबोन (वरखाली बसणारे ए-आकाराचे हात) येतात. वरचा बॉल जॉइंट बसवायला स्ट्रटच्या दोन बोल्टच्या जागी मशिनवर काढलेला स्टीलचा ॲडाप्टर लावा. नकलवर (चाकाचा हब ज्यावर बसतो त्या भागावर) वेल्डिंग कधीच नको.

फायबरकामात मराठवाड्याचा मे महिना नडतो. २५ अंशाला दोन टक्के हार्डनर चालतो, पण ४२ अंशाला तेवढाच टाकला तर मॅट (काचतंतूंची चटई) भिजायच्या आत रेझिन मगातच धरतं. एक टक्क्यावर या, अर्धा किलोचेच घाण करा आणि सकाळी नऊच्या आत आटपा. दुपारच्या थराला स्वतःच्याच उष्णतेने तडे जातात, नाक साच्यातून वाकडं निघतं. जेलकोट (साच्यात सर्वांत आधी द्यायचा, बाहेरून दिसणारा थर) अर्धा मिमी. तो पातळ राहिला किंवा कच्चा असताना मॅट टाकली तर पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. कोबाल्ट (रेझिन धरण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, म्हणून बाटल्याही वेगळ्या फळीवर ठेवा.

सेव्हनचं नाक बुटकं, त्यामुळे रेडिएटर इंजिनापेक्षा खालच्या पातळीवर बसतो आणि हवा वरच्या नळीत अडकते. कूलंटची टाकी सर्वांत उंच जागी घ्या. इंजिन तापतंय आणि कारण सापडत नाही, असं झालं तर पंख्यासमोर कागदाचा कपटा धरा. रेडिएटरमागचा पंखा हवा आत ओढतो. वायरी उलट लागल्या तर तो पुढे फेकतो, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतो, आणि गाडी वेगात असतानाही काटा चढत जातो.